पाठीवरून उतरू नका

तीन वाजून दहा मिनिटांनी बाइंडरांना झोप लागली आणि त्यांच्या पाठीवर उभ्या असलेल्या बाई अडकून पडल्या.

मालिश घेता घेता माणसाचे डोळे मिटले, तर त्यात नवल काही नाही. बाईंच्या खोलीत दिवसाला चार माणसं यायची, त्यांतल्या दोघांना तरी डुलकी लागायचीच. त्यांना पाच मिनिटं तसंच पडू द्यायचं, मग पाण्याचा पेला पुढे करायचा, की ती आपली केस सारखे करून, थोडी ओशाळून निघून जायची. बाइंडरांची गोष्ट निराळी होती. सात महिने या माणसाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. चाळीसेक वर्षं जाडजूड पुस्तकं शिवून आणि दाबयंत्राचं चाक फिरवून त्यांची पाठ अशी आखडली होती, की कुशीवर वळायचं म्हटलं तरी आधी बेत करावा लागे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप आली नाही, नुसत्या जांभया आल्या. शेवटी बायकोनंच त्यांना पत्ता देऊन इथे धाडलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची पहिल्या मजल्यावरची खोली. दारात चपला काढायच्या, आत फरशीवर चटई, आणि छताच्या तुळईला बांधलेले दोन जाड सुती दोर.

बाई हातांनी मालिश करत नसत. अठरा वर्षं त्यांनी ती केली, आणि मग दोन्ही अंगठे असे काही दुखायला लागले, की पाण्याचा पेलाही ओंजळीत धरावा लागे. डॉक्टर म्हणाले, धंदा बदला. बाईंनी धंदा बदलला नाही, अवयव बदलला. समुद्रकाठच्या एका गावात एक म्हातारे गुरुजी होते, त्यांच्याकडे दोन वर्षं राहून त्या पायांनी मालिश करायला शिकल्या. गुरुजी सांगायचे, ही विद्या जुन्या आखाड्यांतली. ढाल-तलवार खेळणाऱ्यांचे सांधे मोकळे राहावेत म्हणून उस्ताद दोर धरून पायांनी त्यांच्या अंगात तेल जिरवायचे. मग पूर्वेकडे, समुद्रापलीकडच्या मठांमध्ये तिची वेगळी तऱ्हा झाली. त्याच्याही पलीकडे, दिवसभर शेतात वाकून आलेले आईबाप घरी पालथे पडायचे आणि पोरांना पाठीवर चालायला लावायचे. "सगळ्या आशियाची पाठ दुखत होती," गुरुजी म्हणायचे, "आणि हात कामात गुंतलेले होते. मग उरलं कोण? पाय." यातलं किती खरं आणि किती गुरुजींनी मध्ये मध्ये सांधलेलं, हे बाईंनी कधी तपासलं नाही. त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं, की वजन दोराला द्यायचं आणि स्पर्श पायाला. आणि दुसरं एक त्यांना आपल्याच नऊ वर्षांच्या अनुभवानं कळलं होतं : माणसाचं तोंड काहीही बोलो, पाठीला थाप मारता येत नाही.

त्या दिवशी बाइंडर ठरलेल्या वेळेच्या आधीच, अडीच वाजता आले. "आज जरा जास्त वेळ चाललं तरी हरकत नाही," एवढंच म्हणाले, शर्ट खुंटीला अडकवला आणि पालथे झाले. चाळीस मिनिटांनी त्यांचा श्वास लांबला. बाईंच्या तळव्यांना ते आधी कळलं, कानांना नंतर. त्यांनी हळूच डावा पाय उचलून फरशीवर टेकला. तेवढ्यात बाइंडरांचा श्वास अडखळला, कपाळाला आठी पडली आणि झोपेतच ते म्हणाले, "नको."

बाईंनी पाय परत पाठीवर ठेवला. आठी गेली. थोड्या वेळानं त्यांनी उजवा उचलून पाहिला. पुन्हा "नको". कूस बदललेल्या तान्ह्या बाळापुढे आई जशी जागच्या जागी गोठते, तशा बाई दोर धरून उभ्या राहिल्या. सात महिन्यांनी लागलेली झोप आपण मोडायची, हे काही त्यांना बरं वाटेना.

मग खुंटीवरच्या शर्टातला फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. पहिल्या खेपेला बाइंडरांचा खांदा जरासा उडाला. मग सगळं शांत झालं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

वीस मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली आणि दारात बाइंडरांचा मुलगा उभा राहिला. चाळिशीचा गृहस्थ, विम्याच्या कचेरीत कामाला, काखेत कागदांची पिशवी.

"बाबा," तो दारातूनच म्हणाला.

"हळू," बाई वरून म्हणाल्या.

मुलानं मान वर केली. आपल्या वडिलांच्या पाठीवर एक परकी बाई उभी आहे, या गोष्टीकडे कुठल्या बाजूनं बघावं ते त्याला क्षणभर सुचलं नाही. "तुम्ही जरा खाली उतरता का?"

"उतरले की जागे होतात."

"मग उत्तमच. उतरा."

त्याच्या मागून त्याची आई जिना चढून धापा टाकत आली. शरीरानं इतकीशी, पण तिनं मुलाला हातानं बाजूला केलं आणि निकाल विचारावा तसं विचारलं, "झोपलेत?"

"हो, वहिनी. अर्धा तास झाला."

वहिनी स्टुलावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. "कुणी हात लावायचा नाही त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही उतरू नका."

"आई, चारला सह्या आहेत," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. "पाचला नोंदणीची कचेरी बंद होते. शेठ तिथे येऊन बसलेत."

"सही काय, उद्या होईल. झोप होईल का उद्या?"

मुलाला आईशी वाद घालता येईना, तेव्हा तो बाईंकडे वळला. "तुम्ही नक्की केलंत काय त्यांना? कुठली नस दाबलीत? एवढा फोन वाजतोय आणि माणूस ढिम्म हलत नाही. उद्या काही झालं तर मी तक्रार करीन, सांगून ठेवतो. परवाना तरी आहे का?"

"तुमच्या मागे आहे, भिंतीवर."

मुलानं चष्मा चढवून तो वाचला. "यात मालिश लिहिलंय. पायानं असं कुठे लिहिलंय?"

"हातानं असंही नाही लिहिलेलं," बाई म्हणाल्या. नऊ वर्षांत कुणी तो कागद इतका बारकाईनं वाचला नव्हता. पायाखाली पाठ होती म्हणून बरं, नाहीतर त्यांच्या पायाखालची वाळू सरकलीच असती.

"तिच्यावर काय चिडतोस?" वहिनी म्हणाल्या. "तिनं झोपवलं, तू नाही झोपवू शकलास."

"मी काय चैनीसाठी करतोय का हे? आई, शेठना बाबांच्या दुकानाची जागा गादीच्या गोदामासाठी हवी आहे, महिनाअखेरीला. आज सही नाही झाली तर ते पुलाजवळची घेतील. दुकान रिकामं करायचंय, सगळं ठरलंय. कागद कापायचं यंत्र न्यायला उद्या भंगारवाला येतोय."

'भंगारवाला' हा शब्द झाला, आणि बाईंच्या उजव्या तळव्याखाली, डाव्या खांद्याच्या पात्याजवळ, एक स्नायू दगडासारखा टणक झाला.

बाईंनी खाली पाहिलं. बाइंडरांचे डोळे मिटलेले होते. चेहरा शांत होता. श्वास संथ होता, जरा जास्तच संथ. पण तळव्याखालची पाठ टक्क जागी होती, आणि बाईंच्या लक्षात आलं की ती फोन वाजल्यापासूनच जागी असणार. सह्यांबद्दल बाइंडर त्यांना एका अक्षरानंही बोलले नव्हते. माणूस मालिशला आला नव्हता. माणूस लपायला आला होता.

इतक्यात मुलानं नेमकं तेच विचारलं. "ताई, खरं सांगा. झोपलेत ना हे?"

खरं बोलावं तर पायाखालच्या माणसाला तोंडघशी पाडायचं. खोटं बोलावं तर भिंतीवरच्या कागदाची धडगत नाही. बाईंनी दोर घट्ट धरले.

"गाढ," त्या म्हणाल्या.

हातानं अठरा आणि पायानं नऊ, अशा सत्तावीस वर्षांच्या धंद्यात एखाद्या पाठीबद्दल त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या. तळव्याखालचा स्नायू हळूहळू सैल झाला.

सव्वाचारला गादीवाले शेठ स्वतःच आले. कचेरीत बसून कंटाळले होते. अंगानं भरलेले, कमरेला पट्टा बांधलेला, जिना एकेक पायरी मोजत चढले आणि आत येऊन पहिल्यांदा माणसाकडे नाही, तर माणसाच्या खाली पाहू लागले.

"ही चटई आहे?"

"हो," बाई म्हणाल्या.

शेठ कमरेवर हात ठेवून कसेबसे वाकले. चटईची कड दोन बोटांत धरून पाहिली. "आणि खाली काय?"

"फरशी."

"फरशीवर चटई, चटईवर माणूस, माणसावर तुम्ही. आणि हे झोपलेत."

"तास होऊन गेला," वहिनी अभिमानानं म्हणाल्या.

शेठनी चटईची कड सोडली. मग मुलाला म्हणाले, "यांना उठवायचं नसेल तर अंगठा घेऊ या का? शाई आहे माझ्याकडे. कचेरीतला कारकून ओळखीचा आहे, येईल इथे."

"झोपलेल्या माणसाचा?" मुलगा म्हणाला. त्याला ते पटलं नव्हतं, पण घड्याळाकडे बघून त्यानं विचार केला हे खरं.

चटईबाहेर बाइंडरांचा उजवा हात पसरलेला होता. बाईंनी वरून पाहिलं : त्या हाताची बोटं हळूहळू, एकेक करत मिटली, आणि अंगठा मुठीच्या आत गेला. शेठ अजून शाईची डबी शोधत होते, मुलगा घड्याळ बघत होता. पण वहिनी त्या हाताकडेच बघत होत्या. त्या शांतपणे उठल्या, कोपऱ्यातली चादर आणली आणि त्या मुठीवर घातली.

"गारठतात हात त्यांचे," त्या म्हणाल्या.

शेठना शाईची डबी सापडली, पण आता त्यांची नजर बाइंडरांच्या तोंडावर खिळली होती. आयुष्यभर झोपेच्या सामानाचा व्यापार केलेला माणूस. "एक म्हण आहे बघा," ते सावकाश म्हणाले. "झोपलेल्याला उठवता येतं. सोंग घेतलेल्याला नाही."

खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी चाक फिरवून सोडलं होतं, त्याची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. आणि मग बाइंडर घोरू लागले.

ते घोरणं खरं नव्हे, हे बाईंना लगेच कळलं. खरं घोरणं पोटातून येतं, कमरेपर्यंत त्याचा हेलकावा पोचतो. हे सगळं गळ्यातल्या गळ्यात चाललं होतं, शाळेतल्या नाटकातल्या वाघासारखं. कमर तर जागची हलत नव्हती. मुलानं भुवया आक्रसल्या.

"बाबा घोरतात?" त्यानं आईला विचारलं.

"लहानपणापासून," वहिनी म्हणाल्या. "गाढ झोप लागली की असंच."

शेठनी डबी खिशात टाकली. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण चाळीस वर्षांच्या संसाराची साक्ष खोटी पाडायला ते काही वकील नव्हते. "मी थांबत नाही," ते मुलाला म्हणाले. "पुलाजवळचा माणूस पाचपर्यंत वाट बघतोय. तुमच्यावर राग नाही माझा. ज्याला झोप लागते त्यानं झोपावं." दारापाशी बूट घालताना ते मागे वळले आणि बाईंना खालच्या आवाजात विचारलं, "मंगळवारी दुपारी वेळ आहे का तुम्हाला?"

"आहे."

"माझ्या कमरेचं आहे जरा. आणि चटईचं कुणाला बोलू नका."

शेठ गेले. जिना वाजायचा थांबला, तसा मुलगा होता तिथेच, फरशीवर बसला. पावणेपाच झाले होते. बाईंच्या पोटऱ्या आता लटलट कापत होत्या आणि दोर धरून धरून तळहातांना वळ उठले होते. घोरणं केव्हाच थांबलं होतं. ते थांबल्याचं मुलाच्या लक्षातही आलं नाही.

"गेलं," तो म्हणाला.

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या.

"मला काय हौस आहे आई, दुकान विकायची? गेल्या महिन्यात ते दाबयंत्रापाशी खाली बसले आणि त्यांना उठता येईना. दोन तास तसेच बसून होते. हाक नाही मारली कुणाला. शेजारच्या चष्मेवाल्यानं बघितलं म्हणून मला कळलं. मी भितो, आई. कचेरीत फोन वाजला की आधी तेच डोळ्यांसमोर येतं."

"मग हे त्यांना सांगायचं होतंस."

"त्यांना कसं सांगू? त्यांच्यापुढे तोंड उघडलं की मी विम्यावाल्यासारखा बोलायला लागतो. वय, धोका, मुदत. मग ते उठून जातात." त्यानं वडिलांच्या पाठीकडे पाहिलं. तेलानं ती चकाकत होती. "या पाठीवर मी चालायचो. आठवतं तुला? सुटीच्या दिवशी दुपारी. भिंतीला हात टेकून. मानेपासून कमरेपर्यंत आणि परत. मी आठ वर्षांचा झालो आणि एके दिवशी म्हणाले, बास, आता जड झालास. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. पुढे कित्येक दिवस मी कमी जेवत होतो."

वहिनींनी चादरीची कड सारखी केली. बाईंच्या पायांखाली मग जे घडलं ते त्या खोलीत त्यांना एकट्यांनाच कळलं. आधी ती पाठ थरथरली. मग एक मोठा श्वास आत आला आणि हळूहळू बाहेर गेला, आणि त्याच्याबरोबर मानेपासून कमरेपर्यंतची गाठन् गाठ सुटत गेली. चार बैठकांमध्ये जो डावा खांदा बाईंना कधी वश झाला नव्हता, तोही चटईला टेकला.

मुलगा उठला. पँट झटकली. "उठले की सांग, शेठ गेले म्हणावं. भंगारवाल्याला मी नको सांगतो. वजन उचलायला एखादा माणूस ठेवू दुकानात, बघू मग पुढचं पुढे." मग बाईंकडे न बघताच म्हणाला, "ताई, मघाशी मी परवान्याचं बोललो ते मनावर घेऊ नका. मी गाडी कोपऱ्यावरून घेऊन येतो."

त्याची पावलं जिन्यावरून खाली जाऊन रस्त्यावर विरली, तेव्हा वहिनी नवऱ्याच्या डोक्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"उठा आता. गेला तो."

बाइंडर हलले नाहीत.

"एक्केचाळीस वर्षांत कधी घोरला नाहीत. आजच कुठे शिकलात?" मग बाईंना म्हणाल्या, "मला मूठ बघितली तेव्हाच कळलं. घरी देणेकरी आला की लहानपणी बाकाखाली लपायचे, त्यांची आई सांगायची. अहो, उठा. ऐकलंत ना सगळं? एवढं ऐकवलंय त्यानं, आता उठून त्याच्याशी नीट बोला."

काही नाही. बाईंनी टाच जराशी दाबून पाहिली. एरवी जो स्नायू शब्दाशब्दाला उत्तर देत होता, त्यानं आता मुळीच उत्तर दिलं नाही. सगळी पाठ ओल्या वाळूच्या पोत्यासारखी जड झाली होती, आणि श्वासाचा हेलकावा थेट कमरेपर्यंत पोचत होता.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "हे आता खरोखरच झोपलेत."

"नक्की?"

"गाढ."

वहिनींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मघाशीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"मघाशी ते खोटं होतं."

"मग आत्ताचं खरं कशावरून?"

याला बाईंकडे पुरावा नव्हता. जो होता तो त्यांच्या तळव्यांना होता, आणि तळवे काही काढून हातात देता येत नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला, वहिनींच्या किडकिडीत बांध्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "मग पाय पुसून या. चढून बघा."

वहिनींनी आढेवेढे घेतले नाहीत. पायपुसण्यावर तळवे घासले, साडी खोचली. बाईंनी त्यांच्या हातात एक दोर दिला, मग दुसरा, आणि कानाशी हळू सांगितलं, "सगळं वजन दोरांना. पाय नुसते ठेवायचे." बाईंचा एक पाय उतरला तसा वहिनींचा एक चढला, दुसरा उतरला तसा दुसरा. खाली कुणाचा श्वास अडखळला नाही. कुणी "नको" म्हणालं नाही.

बाई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या चोळू लागल्या. अंगठे दुखले, पण चोळत राहिल्या.

वहिनी डोळे मिटून उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "हो. झोपलेत."

"आता हळूच उतरा."

वहिनी उतरल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या. "वरून केवढेसे दिसतात हो हे," त्या म्हणाल्या.

खाली रस्त्यावर गाडी येऊन थांबली. जिना वाजला. मुलगा दारात आला, त्यानं आधी भिंतीशी बसलेल्या बाईंना पाहिलं, मग सावकाश मान वर केली.

"आई?"

"गाडी बंद करून ये," दोर न सोडता वहिनी म्हणाल्या. "वेळ लागेल."